विद्यार्थी नियतकालिके : संपादकीय स्वातंत्र्य आणि नैतिक जबाबदारी

४.० उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर तुम्हाला,

• विद्यार्थी नियतकालिकाचे स्वरूप आणि त्याचे वेगळेपण सांगता येईल.
• संपादकीय स्वातंत्र्य या संकल्पनेचा आशय व तिच्या मर्यादा स्पष्ट करता येतील.
• कोल्हापूर प्रकरणाच्या आधारे पडताळणीचे महत्त्व विशद करता येईल.
• मजकूर वगळण्यासाठी दिलेले कारण योग्य आहे की अयोग्य, हे पारखता येईल.
• आपल्या अभ्यासकेंद्राच्या नियतकालिकासाठी संपादकीय धोरणाचा मसुदा तयार करता येईल.

४.१ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, मजकुराची निवड, भाषेचे संस्करण, मुद्रितशोधन आणि मांडणी ही संपादनाची तांत्रिक अंगे होत. ती सरावाने आत्मसात करता येतात. मात्र संपादकासमोर असेही काही प्रश्न उभे राहतात, ज्यांची उत्तरे केवळ तंत्रात सापडत नाहीत. हा लेख छापावा का? छापल्यास कोणाचे नुकसान होईल? न छापल्यास कोणाचे होईल? आणि हे ठरविण्याचा अधिकार नेमका कोणाचा?

तुमच्यापैकी अनेकजण नोकरी, शेती वा घरसंसार सांभाळून शिकत आहेत. 'विद्यार्थी नियतकालिक हा नियमित महाविद्यालयातील मुलांचा विषय, आपला त्याच्याशी काय संबंध?' असे तुम्हाला वाटण्याची शक्यता आहे. परंतु अभ्यासकेंद्राचे भित्तिपत्रक, गावच्या मंडळाची स्मरणिका, कामगार संघटनेचे पत्रक किंवा सोसायटीची वार्तापत्रिका यांपैकी कशाची तरी जबाबदारी तुमच्यावर येऊ शकते. कदाचित ती आलेलीही असेल. या घटकातील विवेचन त्या सर्वांना लागू पडते.

४.२ विषय-विवेचन

४.२.१ विद्यार्थी नियतकालिकाचे स्वरूप

विद्यार्थ्यांनी लिहिलेले, विद्यार्थ्यांनी संपादित केलेले आणि प्रामुख्याने विद्यार्थ्यांसाठी असलेले नियतकालिक म्हणजे विद्यार्थी नियतकालिक, अशी स्थूल व्याख्या करता येईल. भित्तिपत्रक, हस्तलिखित, वार्षिकांक ही त्याची परिचित रूपे होत. साने गुरुजी अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक असताना त्यांनी वसतिगृहातील मुलांसाठी 'छात्रालय' हे हस्तलिखित दैनिक चालविले आणि पुढे १९२८ मध्ये 'विद्यार्थी' हे मासिक सुरू केले. हाताने लिहिलेल्या चार पानांनाही वाचक असतो, आणि जेथे वाचक आहे तेथे संपादकाची जबाबदारी आहे, हे येथे ध्यानात घ्यावे.

व्यावसायिक वृत्तपत्राहून विद्यार्थी नियतकालिक तीन बाबतींत वेगळे असते. एक, त्याचा खर्च बहुधा संस्था करते आणि प्राचार्य वा संस्थाप्रमुख हे त्याचे प्रकाशक असतात. दोन, संपादक हा स्वतः त्या संस्थेत शिकणारा असल्याने तो तिच्या शिस्तीखाली असतो. ज्यांच्यावर टीका करावयाची त्यांच्याच हाती त्याचे प्रगतिपुस्तक असते. तीन, हे शिकण्याचे ठिकाण आहे. येथे चुका होणारच, हे गृहीत धरलेले असते. मात्र चूक करणारा शिकाऊ असला, तरी त्या चुकीमुळे ज्याची बदनामी होते त्याला सोसावे लागणारे नुकसान शिकाऊ नसते. या तिन्ही गोष्टींमुळे विद्यार्थी संपादकाचे काम अवघड होते.

४.२.२ संपादकीय स्वातंत्र्य : आशय आणि मर्यादा

काय छापावे, काय छापू नये आणि कोणत्या क्रमाने व स्वरूपात छापावे, याचा निर्णय बाहेरच्या दबावाविना गुणवत्तेवर घेण्याची संपादकाची मोकळीक म्हणजे संपादकीय स्वातंत्र्य होय. भारतीय संविधानाच्या अनुच्छेद १९ (१) (क) ने नागरिकांना भाषण व अभिव्यक्तीचे स्वातंत्र्य दिले आहे. संविधानात वृत्तपत्रस्वातंत्र्याचा वेगळा उल्लेख नाही. ते याच अधिकारात अंतर्भूत आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने वेळोवेळी मानले आहे. अनुच्छेद १९ (२) नुसार या स्वातंत्र्यावर कायद्याने वाजवी निर्बंध घालता येतात. राज्याची सुरक्षितता, सार्वजनिक सुव्यवस्था, सभ्यता वा नीतिमत्ता, न्यायालयाचा अवमान, बदनामी, गुन्ह्यास चिथावणी इत्यादी त्याची कारणे तेथे नमूद आहेत. 'कोणाला तरी ते आवडले नाही' हे कारण त्या यादीत नाही.

हा मुद्दा महाराष्ट्रातील एका घटनेवरून स्पष्ट होईल. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर पाळण्यात आलेल्या बंदविषयी पालघरमधील एका तरुणीने समाजमाध्यमावर मतप्रदर्शन केले आणि दुसरीने त्याला पसंती दर्शविली. दोघींनाही अटक झाली. त्यानंतर श्रेया सिंघल या तरुणीने माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ अ ला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले आणि मार्च २०१५ मध्ये न्यायालयाने ते कलम घटनाबाह्य ठरविले. त्रासदायक वा अपमानकारक वाटणे यांसारख्या संदिग्ध शब्दांच्या आधारे अभिव्यक्तीला गुन्हा ठरविता येणार नाही, असे या निर्णयाचे सूत्र आहे.

मत व्यक्त करणे आणि एखाद्या व्यक्तीविषयी वस्तुस्थिती म्हणून काही सांगणे, या मात्र दोन भिन्न गोष्टी आहेत. 'बंद पाळणे योग्य नाही' हे मत झाले. 'अमुक माणसाने पैसे खाल्ले' हे वस्तुस्थितीचे विधान झाले. ते खरे तरी असते किंवा खोटे तरी. संपादकाची खरी कसोटी या दुसऱ्या प्रकारच्या मजकुराच्या वेळी लागते.

४.२.३ कोल्हापूर प्रकरण : तरुण संपादक आणि बनावट पत्रे

मराठी वृत्तपत्रसृष्टीच्या इतिहासात या कसोटीचे एक ठळक उदाहरण आहे. जानेवारी १८८० मध्ये विष्णुशास्त्री चिपळूणकर, बाळ गंगाधर टिळक आदींनी पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल सुरू केले. गोपाळ गणेश आगरकरही लवकरच त्यात आले. जानेवारी १८८१ मध्ये याच मंडळींनी 'केसरी' व 'मराठा' ही पत्रे काढली. 'केसरी'चे संपादक आगरकर होते. टिळक व आगरकर दोघांचाही जन्म १८५६ चा. म्हणजे पत्रे निघाली तेव्हा दोघेही पंचविशीच्या आसपास होते. महाविद्यालय सोडून त्यांना फार काळ लोटलेला नव्हता.

त्या काळी कोल्हापूर संस्थानचे तरुण छत्रपती चौथे शिवाजी यांना वेडे ठरवून त्यांचा छळ केला जात आहे, अशी चर्चा होती. या छळामागे संस्थानचे दिवाण माधवराव बर्वे आहेत, असा आरोप होता. बर्वे यांच्या नावाची काही पत्रे पुराव्यादाखल पुढे आली. त्यांवर विश्वास ठेवून 'केसरी' व 'मराठा' यांनी दिवाणांवर कडक टीका केली. बर्वे यांनी बदनामीचा खटला भरला. सुनावणीत ती पत्रे बनावट असल्याचे निष्पन्न झाले. संपादकांनी दिलगिरी व्यक्त केली. तरीही जुलै १८८२ मध्ये टिळक व आगरकर यांना प्रत्येकी चार महिन्यांच्या साध्या कैदेची शिक्षा झाली. शिक्षेत काही सूट मिळून एकशे एक दिवसांनी, ऑक्टोबर १८८२ मध्ये, ते मुंबईतील डोंगरीच्या तुरुंगातून सुटले. आगरकरांनी त्या दिवसांवर पुस्तकही लिहिले.

या प्रकरणाकडे आपण बहुधा देशभक्तांच्या पहिल्या तुरुंगवासाची कथा म्हणून पाहतो. खटल्यात जामिनाची गरज पडली, तेव्हा महात्मा फुले यांच्या सांगण्यावरून त्यांचे स्नेही रामशेठ उरवणे यांनी दहा हजार रुपयांचा जामीन दिला, ही घटनाही त्या कथेतील एक उदात्त प्रसंग म्हणून सांगितली जाते. आणि तो उदात्त आहेच, कारण फुले यांचे या तरुणांशी सर्व बाबतींत मतैक्य नव्हते. तथापि संपादनाचे विद्यार्थी म्हणून आपण एक पाऊल पुढे गेले पाहिजे.

छत्रपतींविषयीची संपादकांची चिंता निराधार होती का? नव्हती. १८८३ मध्ये अहमदनगर येथे इंग्रज अधिकाऱ्यांच्या देखरेखीखाली असतानाच त्या तरुण राजाचा मृत्यू झाला. म्हणजे मूळ प्रश्न रास्त होता. पुरावा मात्र खोटा होता. त्याचा परिणाम असा झाला, की न्यायालयात राजाच्या हालअपेष्टांऐवजी पत्रांच्या खरेखोटेपणाची चर्चा झाली, आणि ज्याच्यावर आरोप केला त्यालाच अन्यायग्रस्त म्हणून उभे राहता आले. आपला हेतू शुद्ध आहे, या जाणिवेपोटी पुराव्याकडे पाहण्याची नजर सैल होते. हाच या प्रकरणातील, आजच्या संपादकाच्याही कामाचा, मुख्य धडा होय.

४.२.४ सत्य, लोकहित आणि सद्भावना

बदनामीविषयीची तरतूद आता भारतीय न्याय संहिता, २०२३ च्या कलम ३५६ मध्ये आहे. पूर्वी ती भारतीय दंड संहितेच्या कलम ४९९ व ५०० मध्ये होती. या कायद्यातील दोन गोष्टी विद्यार्थी संपादकाने नीट समजून घ्याव्यात.

पहिली गोष्ट अशी, की फौजदारी खटल्यात 'मी लिहिले ते खरे आहे' एवढाच बचाव पुरेसा नसतो. ते खरे असून त्याचे प्रकाशन लोकहितासाठी होते, हेही दाखवावे लागते. एखाद्या प्राध्यापकाच्या घरगुती कलहाची हकिकत खरी असू शकेल. ती छापण्यात वाचकांचे कोणते हित आहे, हा प्रश्न उरतोच. परीक्षा शुल्काच्या हिशेबाची हकिकत मात्र प्रत्येक विद्यार्थ्याच्या हिताची असते.

दुसरी गोष्ट 'सद्भावना' या शब्दाविषयी. व्यवहारात आपण त्याचा अर्थ 'मनात वाईट नसणे' असा करतो. फौजदारी कायद्यात मात्र योग्य ती काळजी व लक्ष दिल्याशिवाय केलेली कृती सद्भावनेने केली असे मानले जात नाही. म्हणजे चौकशीचे कष्ट न घेणाऱ्याला सद्भावनेचा आश्रय घेता येत नाही. येथे कायदा आणि नीती एकाच ठिकाणी येतात.

यांखेरीज काही बाबतींत कायद्याने स्पष्ट मनाई आहे. लैंगिक गुन्ह्यातील पीडित व्यक्तीची ओळख उघड करता येत नाही (भारतीय न्याय संहिता, कलम ७२). बालकांच्या बाबतीत लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण अधिनियम, २०१२ लागू होतो. केवळ नाव वगळणे पुरेसे नाही. गाव, वर्ग, वडिलांचा व्यवसाय अशा तपशिलांतून ओळख पटत असेल, तर तेही वगळावे लागतात. लहान गावात व छोट्या महाविद्यालयात ही काळजी अधिकच घ्यावी लागते.

४.२.५ एक कल्पित प्रसंग : पनवेल

आता हे सारे एका प्रसंगाला लावून पाहू. प्रसंग कल्पित आहे.

पनवेलमधील एका महाविद्यालयात अभ्यासकेंद्र आहे असे समजा. रविवारच्या संपर्कसत्रासाठी उरण, पेण, कर्जत, खालापूर येथून विद्यार्थी येतात. कोणी तळोज्याच्या कारखान्यात पाळीवर काम करते, कोणी रसायनीला, कोणी घरोघर डबे पोचवून येते. या विद्यार्थ्यांनी एक भित्तिपत्रक सुरू केले आहे. शिरढोणचे वासुदेव बळवंत फडके, कर्नाळ्याचे पक्षी, आगरी बोलीतील लग्नगीते या विषयांवरचे अंक कौतुकाने वाचले गेले. हरकत घेण्याजोगे त्यांत काही नव्हतेच.

पुढील अंकासाठी एक लेख येतो : 'प्रवेशपत्र मिळण्यासाठी पावतीविना दोनशे रुपये.' सोबत मोबाइलवरील संदेशाचे छायाचित्र आहे. कार्यालयातील एका लिपिकाने ते पैसे मागितल्याचे त्यात दिसते. लेखाचा सूर तीव्र आहे; लिपिकाचे पूर्ण नाव मथळ्यात आहे. संपादक मंडळातील बहुतेकांना लेख तसाच लावावा असे वाटते. प्राचार्य म्हणतात, "हे लावता येणार नाही. संस्थेची बदनामी होईल."

येथे कोण बरोबर आहे? उत्तर देण्यापूर्वी कोल्हापूरची पत्रे आठवा. १८८१ मध्ये हाताने लिहिलेले पत्र जितक्या सहजतेने बनविता आले, त्याहून कितीतरी सहजतेने आज संदेशाचे छायाचित्र बनविता येते. म्हणून संपादक मंडळाने प्रथम पुढील गोष्टी कराव्यात.

१. मूळ शोधणे : छायाचित्रावर न थांबता ज्या मोबाइलवर तो संदेश आला तो मोबाइल पाहावा. संदेश कोणत्या क्रमांकावरून आला, आधी-नंतर काय संभाषण आहे, हे तपासावे.

२. स्वतंत्र दुजोरा : ज्यांनी पैसे दिले अशा आणखी विद्यार्थ्यांशी वेगवेगळे बोलावे. परीक्षेत त्रास होईल या भीतीने ते नाव देण्यास नकार देतील. अशा वेळी नाव छापू नये. परंतु ते नाव संपादकाला ठाऊक असले पाहिजे. संपादकालाही अज्ञात असलेल्या व्यक्तीच्या भरवशावर आरोप करता येत नाही.

३. कागद मिळविणे : शुल्काचा अधिकृत तक्ता मागावा. महाविद्यालय अनुदानित असल्यास माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ खाली अर्ज करता येतो. त्याचे उत्तर सामान्यतः तीस दिवसांत मिळावयास हवे.

४. दुसरी बाजू : लिपिकाला आरोप स्पष्ट शब्दांत सांगून उत्तरासाठी पुरेसा वेळ द्यावा आणि ते उत्तर लेखातच, आरोपाइतक्याच ठळकपणे द्यावे. प्रकाशनपूर्व पडताळणी आणि संबंधितांना बाजू मांडण्याची संधी ही तत्त्वे भारतीय वृत्तपत्र परिषदेच्या आचारसंहितेतही आहेत.

५. प्रमाण राखणे : हे एका माणसाचे वर्तन आहे की कार्यालयाची पद्धत? पद्धत असेल, तर सर्वांत खालच्या कर्मचाऱ्याचे नाव मथळ्यात देऊन वरच्यांना मोकळे सोडणे हा अन्यायच होय.

६. हितसंबंध तपासणे : लेखकाचे त्या लिपिकाशी जुने भांडण आहे का? असल्यास लेख आपोआप खोटा ठरत नाही; मात्र त्याची पडताळणी दुसऱ्याने करावी.

एवढे झाल्यावर पुन्हा प्राचार्यांच्या हरकतीकडे वळू. 'संस्थेची बदनामी होईल' हे कारण पुरेसे नाही. पावतीविना पैसे घेतले जात असतील, तर बदनामीचे कारण ती कृती आहे, लेख नव्हे. त्यांनी 'त्या कर्मचाऱ्याची बाजू घेतली आहे का?' असे विचारले असते, तर ती हरकत मात्र पूर्णतः योग्य ठरली असती. पहिले कारण संस्थेची सोय राखते. दुसरे एका माणसाचे आणि वाचकांच्या विश्वासाचे रक्षण करते. मजकुरावरील कोणत्याही हरकतीची पारख तुम्ही या निकषावर करू शकाल.

४.२.६ प्रकाशक संस्थेचा अधिकार

संस्था खर्च करते, म्हणून तिला मजकुरावर अधिकार असावा काय? या प्रश्नावर अमेरिकेतील एक खटला जगभर अभ्यासला जातो. १९८३ मध्ये मिसूरी राज्यातील हेझलवूड ईस्ट हायस्कूलच्या मुख्याध्यापकांनी शाळेच्या 'स्पेक्ट्रम' या विद्यार्थी वृत्तपत्राची दोन पाने वगळली. त्यांत अल्पवयीन मुलींचे गर्भारपण आणि आईवडिलांचा घटस्फोट या विषयांवरील लेख होते. नावे बदलूनही मुलींची ओळख पटेल आणि घटस्फोटाच्या लेखात ज्यांच्यावर टीका आहे त्या पालकांना उत्तराची संधी दिलेली नाही, असे त्यांचे म्हणणे होते. १९८८ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध तीन मतांनी मुख्याध्यापकांच्या बाजूने निर्णय दिला. शैक्षणिक हेतूशी सुसंगत कारण असल्यास शाळा आपल्या वृत्तपत्रावर नियंत्रण ठेवू शकते, असे बहुमताने मानले. हा निर्णय भारतात बंधनकारक नाही. शिवाय तो शाळेविषयीचा आहे, प्रौढ विद्यार्थ्यांविषयीचा नव्हे. त्या निर्णयावर पुढे पुष्कळ टीकाही झाली.

आपल्या दृष्टीने यातील लक्षणीय गोष्ट वेगळी आहे. मुख्याध्यापकांनी पुढे केलेल्या त्या दोन्ही त्रुटी संपादनाने दूर करता येण्याजोग्या होत्या. मजकुरावर हरकत आली तर प्रथम दुरुस्ती, ती अशक्य असल्यास प्रकाशन पुढे ढकलणे आणि अखेरीस वगळणे, असा क्रम असावा. हरकत लेखी व सकारण असावी. तोंडी नकारातून धाक निर्माण होतो. लेखी कारणावर मात्र चर्चा करता येते.

४.२.७ संपादक मंडळातील मतभेद

स्वातंत्र्याला बाधा केवळ बाहेरून येते असे नाही. 'केसरी' हे एका व्यक्तीचे पत्र नसून सहकाऱ्यांचे होते. सामाजिक सुधारणांच्या प्रश्नावर आगरकर आणि टिळक यांच्यातील मतभेद वाढत गेले. अखेर १८८७ मध्ये आगरकरांनी 'केसरी'चे संपादकपद सोडले आणि १८८८ मध्ये 'सुधारक' हे स्वतःचे पत्र सुरू केले. त्याच्या इंग्रजी विभागाची जबाबदारी गोपाळ कृष्ण गोखले यांनी सांभाळली. प्रत्येकाला वेगळे पत्र काढणे शक्य नसते. एका अभ्यासकेंद्राला एकच भित्तिपत्रक असते. म्हणून अल्पमतातील सदस्याचा लेख त्याच्या नावानिशी छापणे आणि त्याशेजारी दुसरे मत देणे, ही रीत विद्यार्थी नियतकालिकाने कटाक्षाने पाळावी. बहुमताने अंकाचा विषय ठरविता येतो. एखादी गोष्ट खरी की खोटी, हे मात्र बहुमताने ठरत नाही.

काळजी घेऊनही चूक होईल. अशा वेळी पुढच्याच अंकात, तितक्याच ठळक जागी, 'मागील अंकात अमुक चुकीचे छापले गेले. खरे असे आहे' असे सरळ वाक्य लिहावे. चूक मान्य करणाऱ्या नियतकालिकावर वाचक अधिक विश्वास ठेवतो.

स्वयं-अध्ययन प्रश्न

(अ) योग्य पर्यायाने रिकाम्या जागा भरा.
१. भारतीय न्याय संहितेचे कलम ...... बदनामीविषयी आहे. (७२ / ३५६ / ४९९)
२. 'सुधारक' हे पत्र ...... मध्ये सुरू झाले. (१८८१ / १८८२ / १८८८)

(आ) चूक की बरोबर ते सांगा.
१. फौजदारी बदनामीच्या खटल्यात विधान खरे असणे एवढेच पुरेसे असते.
२. नाव न छापण्याच्या अटीवर माहिती देणाऱ्याची ओळख संपादकाला असली पाहिजे.

४.३ सारांश

विद्यार्थी नियतकालिक हे संस्थेच्या खर्चाने चालणारे, शिकणाऱ्यांनी चालविलेले माध्यम आहे. त्याच्या संपादकाला अभिव्यक्तीच्या घटनादत्त स्वातंत्र्याचा आधार असतो. तसेच इतरांच्या प्रतिष्ठेची व खासगीपणाची जबाबदारीही त्याच्यावर असते. कोल्हापूर प्रकरणात रास्त प्रश्नाची बाजू खोट्या पुराव्यामुळे दुबळी झाली. आज पत्रांच्या जागी संदेशांची छायाचित्रे आली असली, तरी धोका तोच आहे. मूळ शोधणे, दुजोरा घेणे, दुसरी बाजू देणे, प्रमाण राखणे आणि चूक मान्य करणे ही कामे संपादकाने स्वतः केली, तर मजकूर रोखू पाहणाऱ्याजवळ सांगण्यासारखे कारण उरत नाही. या अर्थाने नैतिक जबाबदारी ही संपादकीय स्वातंत्र्याचा आधार आहे.

४.४ पारिभाषिक शब्द

भित्तिपत्रक : फलकावर लावून सर्वांना वाचण्यासाठी खुले केलेले नियतकालिक.
दुजोरा : एका सूत्राकडून मिळालेल्या माहितीची दुसऱ्या स्वतंत्र सूत्राकडून झालेली पुष्टी.
हितसंबंध : निर्णयावर परिणाम करू शकेल असा लेखकाचा वा संपादकाचा व्यक्तिगत लाभ, नाते किंवा वैर.
संपादकीय धोरण : मजकुराची निवड, पडताळणी व हरकती यांविषयी आधीच ठरवून लिहून ठेवलेले नियम.

४.५ स्वयं-अध्ययन प्रश्नांची उत्तरे

(अ) १. ३५६  २. १८८८
(आ) १. चूक  २. बरोबर

४.६ सरावासाठी स्वाध्याय

१. कोल्हापूर प्रकरणातून विद्यार्थी संपादकाने कोणता बोध घ्यावा, ते सविस्तर लिहा.
२. 'कायद्यातील सद्भावना आणि व्यवहारातील सद्भावना' यांतील फरक सोदाहरण स्पष्ट करा.
३. ४.२.५ मधील प्रसंगात पडताळणीअंती लिपिकाने आरोप नाकारला, परंतु तीन विद्यार्थ्यांनी स्वतंत्रपणे दुजोरा दिला असे समजा. या लेखाचे मथळ्यासह पुनर्लेखन सुमारे २५० शब्दांत करा.

४.७ क्षेत्रीय कार्य

तुमच्या अभ्यासकेंद्रातील किंवा जवळच्या महाविद्यालयातील गेल्या तीन वर्षांचे वार्षिकांक मिळवा. त्यांत संस्थेविषयी प्रश्न विचारणारे किती लेख आहेत, ते मोजा. तसे लेख नसतील, तर त्याची कारणे संपादक मंडळातील विद्यार्थ्यांशी व मार्गदर्शक प्राध्यापकांशी बोलून जाणून घ्या. दोन्ही बाजूंच्या म्हणण्याची नोंद करा आणि त्या आधारे तुमच्या अभ्यासकेंद्रासाठी एका पानाचे संपादकीय धोरण लिहा. पुढील संपर्कसत्रात ते गटापुढे वाचून दाखवा व आलेल्या सूचनांनुसार त्यात दुरुस्ती करा.